चिनी संगीताचा इतिहास : नोंद कोणाची आणि वगळले कोण?

१९७८ साली चीनच्या हूपेई प्रांतात एका प्राचीन राजाच्या थडग्याचे उत्खनन झाले. इसवी सनापूर्वी ४३३ च्या सुमारास मृत झालेल्या या यी नावाच्या राजासोबत पासष्ट काशाच्या घंटांचा संच पुरण्यात आला होता. प्रत्येक घंटेतून, ती कोठे ठोकली जाते त्यानुसार, दोन भिन्न स्वर निघतात. त्या स्वरांची नावे आणि शेजारच्या राज्यांत त्यांना काय म्हणत, हेही घंटांवर कोरलेले आहे. संगीताच्या इतिहासकारांना एवढी मोठी लिखित सामग्री एका ठिकाणी क्वचितच लाभली असेल. त्याच थडग्यात राजासोबत एकवीस तरुण स्त्रियाही पुरलेल्या होत्या. त्यांपैकी काही वादिका व नर्तिका असाव्यात, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. घंटेच्या प्रत्येक स्वराला नाव आहे. त्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव कोठे कोरलेले नाही.

चीनच्या पारंपरिक संगीताच्या इतिहासलेखनाची समीक्षा करताना आम्ही हा प्रसंग प्रारंभीच ठेवतो, तो भावनेला आवाहन करण्यासाठी नव्हे. हा दोष पुढे अडीच हजार वर्षे त्या लेखनात या ना त्या रूपाने आढळतो, म्हणून. सिमा छ्यानच्या 'शिजी'पासून जवळजवळ प्रत्येक राजवंशाच्या अधिकृत इतिहासात संगीत अथवा स्वरमान यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिण्याची प्रथा आहे. कोणत्या विधीला किती वादक असावेत, मूळ स्वराची नळी किती लांब असावी, यांची चर्चा तेथे पानोपानी चालते. १७७९ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेला जेझुइट पाद्री आमियो यांचा चिनी संगीतावरील ग्रंथही मुख्यतः याच दरबारी सिद्धान्तांवर उभा आहे. राजसभेत जे वाजते तेच संगीत, ही धारणा पाश्चात्त्यांनी चिनी अधिकाऱ्यांकडूनच उचलली.

बौद्ध अध्ययनाला वाहिलेल्या नियतकालिकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अष्टशील घेणारा उपासक नृत्य, गीत, वादन यांपासून विरत राहण्याची प्रतिज्ञा करतो; मग भिक्खूंच्या संगीताचा इतिहास तो कसला? उत्तरासाठी विनयाकडे वळले पाहिजे. चुल्लवग्गाच्या खुद्दकवत्थुक्खन्धकात षड्वर्गीय भिक्खू लांबवलेल्या गीतस्वरात धम्म गाऊ लागल्याची हकीकत आहे. तथागतांनी त्याचे पाच दोष सांगितले : गाणारा स्वतःच आपल्या स्वरावर लुब्ध होतो, ऐकणारे लुब्ध होतात, गृहस्थ टीका करतात, स्वर घडवण्याच्या खटाटोपात समाधी भंगते आणि पुढची पिढी तेच अनुकरण करते. परंतु लगेच पुढे, धम्म म्हणण्यास संकोचणाऱ्या भिक्खूंना 'सरभञ्ञ' म्हणजे स्वरयुक्त पठणाची अनुज्ञाही दिलेली आहे. उदानात सोण कुटिकण्णाने अट्ठकवग्ग सस्वर म्हटला तेव्हा भगवंतांनी त्याच्या वाणीची प्रशंसा केली. दीघनिकायाच्या सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिखाच्या वीणेचा व गाण्याचा मेळ साधला आहे, असे ते म्हणतात. निषेध आसक्तीचा आहे, स्वराचा नाही. मात्र हे सरभञ्ञ कोणत्या चालीत म्हटले जात असे, ते त्रिपिटक सांगत नाही. दीघभाणक आणि मज्झिमभाणक यांनी शतकानुशतके जे कंठात जपले, त्यातील शब्द सिंहलद्वीपात ताडपत्रावर उतरले, चाल उतरली नाही. पालीच्या अभ्यासकाला ही उणीव सतत जाणवत राहते, आणि चिनी भिक्खूंनी या बाबतीत काय केले याचे कुतूहल वाटते ते त्यामुळेच.

त्यांनी निदान प्रश्न नेमका ओळखला होता. कुचीचे कुमारजीव चौथ्या-पाचव्या शतकांत चीनमध्ये भाषांतराचे महान कार्य करीत असताना आपल्या शिष्याला म्हणाले, की भारतात गाथा वाद्यांच्या साथीने गाण्याजोगी रचण्याला फार महत्त्व आहे. चिनीत आणताना अर्थ राहतो पण रस जातो, जणू एकाने चावलेला भात दुसऱ्याच्या तोंडात द्यावा! आपल्याच आयुष्यभराच्या कार्याविषयी इतके कठोर बोलणारा भाषांतरकार विरळा. सहाव्या शतकात ह्वेइच्याओ या भिक्खूने 'थोर भिक्खूंची चरित्रे' हा ग्रंथ रचला. त्यात इ. स. ५१९ पर्यंतच्या भिक्खूंची चरित्रे आहेत. अनुवादक, ध्यानी, विनयधर यांच्याबरोबरच त्याने सूत्रपठण करणाऱ्या 'सूत्राचार्यां'साठी एक स्वतंत्र विभाग राखला. त्याच्या चर्चेचा आशय असा : संस्कृत शब्द अनेकाक्षरी आहेत, चिनी शब्द एकाक्षरी. भारतीय चालीवर चिनी शब्द बसवले तर चाल लांब आणि शब्द तोकडे पडतात. चिनी चालीवर संस्कृत शब्द घातले तर उलट अडचण होते. म्हणून नुसता स्वर आणि अर्थ नाही, तर बोधिचित्त उपजत नाही. नुसता अर्थ आणि स्वर नाही, तर सामान्य जनांच्या हृदयात शिरकाव होत नाही. विनयातील निषेध आणि अनुज्ञा यांचा समतोल इतक्या नेमकेपणाने अन्यत्र मांडलेला आमच्या वाचनात नाही. शिवाय येथे चरित्रे आहेत ती गाणाऱ्यांची. दरबारी इतिहासात नळीची लांबी मिळते. येथे माणसाचा कंठ कसा होता, तो कोठला, कोणाकडून शिकला, हे मिळते. चिनी संगीताच्या नोंदींमध्ये कलावंताला व्यक्ती म्हणून स्थान देण्याचा मान एका भिक्खूकडे जातो, असे म्हणण्यास हरकत नसावी. (पहिला चिनी स्तोत्रगायक म्हणून तो ज्या छाओ च्र या राजपुत्र कवीचे नाव घेतो, ती कथा मात्र आख्यायिकाच दिसते. राजपुत्राचा आधार घेतल्याशिवाय परंपरेला प्रतिष्ठा येत नाही, ही समजूत भिक्खूंनाही सुटली नाही!)

कुची हे नाव संगीताच्या इतिहासात पुन्हा एकदा मोठ्या प्रमाणावर येते. इ. स. ५६८ मध्ये उत्तर चौ वंशाच्या सम्राटाशी एका तुर्की राजकन्येचा विवाह झाला. तिच्या परिवारात कुचीचा एक फीफा-वादक चीनमध्ये आला. त्याचे नाव चिनी ग्रंथांत 'सुचृफो' असे आहे. विद्वान ते 'सुजीव' असे वाचतात. पुढे स्वी वंशाच्या काळात राजसंगीताचे स्वर निश्चित करण्यासाठी जी वादावादी झाली, तिच्यात चंग यी या अधिकाऱ्याने सुजीवाकडून ऐकलेल्या सात स्वरांचा आधार घेतला. 'स्वी शू'च्या संगीतप्रकरणात ती सात नावे चिनी लिपीत दिलेली आहेत. ती उलगडून पाहता 'साधारित', 'षड्जग्राम', 'पंचम' अशी आपल्या परिचयाची रूपे दिसू लागतात. तामिळनाडूतील कुडुमियामलै येथील सातव्या शतकाच्या सुमाराचा संगीतविषयक शिलालेख प. र. भांडारकर यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या १९१३-१४ च्या खंडात प्रसिद्ध केला. त्यातील सात रागांची नावे आणि सुजीवाची सात नावे यांचे साम्य चिनी विद्वान श्यांग दा व त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी तपासले आहे. दक्षिणेतील एक खडक आणि चीनच्या राजवाड्यातील एक कागद एकमेकांना दुजोरा देतात, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु येथेही आमचा आक्षेप तोच आहे. सुजीवाने चंग यीला सांगितले, की त्याचा पिता पश्चिमेकडील देशांत संगीतज्ञ म्हणून विख्यात होता आणि ही विद्या त्याच्या घराण्यात परंपरेने चालत आली. त्या पित्याचे नाव विचारण्याची चंग यीला गरज भासली नाही. सुजीव इतिहासात उरला तो अधिकाऱ्याच्या वादात साक्षीदार म्हणून.

कुचीच्या वादकांचे वाद्यवादन इतर सर्व देशांहून सरस आहे, असा निर्वाळा ह्युएनत्संगांनी सातव्या शतकात दिला. त्या काळी थांग दरबारात 'कुची', 'भारत', 'बुखारा' अशा देशनामांनी ओळखले जाणारे संगीतविभागच होते. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांत जे घडले, ते आमच्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावे.

इ. स. ७५४ च्या सातव्या महिन्यात सम्राट श्वानत्सुंगच्या आज्ञेने राजसंगीतातील अनेक रचनांची नावे बदलून नवी नावे शिळेवर कोरण्यात आली. सम्राट ताओ पंथाचा अभिमानी होता. 'कुची बुद्धगीत' हे नाव जाऊन त्या जागी 'सुवर्णपुष्प आणि सत्यगुहा' अशा अर्थाचे अस्सल ताओपंथी नाव आले. 'ब्राह्मण' या नावाची भारतीय वळणाची रचना 'इंद्रधनुषी वस्त्रे, पिसांचा अंगरखा' झाली आणि पुढे चिनी काव्यात अजरामर ठरली. तिच्या मूळ नावाची आठवण काढणारे मात्र थोडे. स्वर तेच, वाद्ये तीच, वादकही बहुधा तेच. केवळ नाव बदलले आणि उगम बदलला! लेण्यांना पांडवांची नावे चिकटलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रक्रियेचे स्पष्टीकरण करण्याची आवश्यकता नाही. तरी एक भेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो. चिनी दप्तरदाराने जुने नाव आणि नवे नाव अशी दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवली आणि 'थांग ह्वेइयाओ' या संकलनात ती यादी टिकली. सत्तेने पुसले, पण पुसल्याची नोंद ठेवली. आपल्याकडे पुसणारे असे प्रामाणिक नव्हते.

तुनहुआंगच्या लेण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे एकाच वस्तूचा उल्लेख करतो. १९०० साली उघडकीस आलेल्या ग्रंथगुहेतून १९०८ मध्ये पॉल पेलियो यांनी पॅरिसला नेलेल्या गुंडाळ्यांत ३८०८ क्रमांकाची एक गुंडाळी आहे. तिच्या एका बाजूस इ. स. ९३३ मधील, सम्राटाच्या जन्मदिनानिमित्त दिलेले बौद्ध सूत्रप्रवचन आहे. पाठीमागे पंचवीस रचनांची स्वरलिपी आहे, ती फीफा या वाद्याची असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तीन निरनिराळी हस्ताक्षरे त्यात दिसतात. जपानचे हायाशी केन्झो यांनी १९३०च्या दशकात या लिपीचा अभ्यास सुरू केला. १९८०च्या दशकात ये तुंग, चन यिंगशृ, ह चांगलिन, झाओ त्सुंगयी इत्यादींनी त्यावर प्रचंड वाद घातला. तारा कशा जुळवायच्या याविषयी काहीसे मतैक्य झाले. लय दाखवणाऱ्या बिंदूंचा अर्थ काय, यावर नाही. परिणाम असा, की एकाच रचनेची दोन विद्वानांनी केलेली पुनर्रचना ऐकणाऱ्याला दोन निराळी गाणी वाटतात. आमच्या मते या वादाचे मूल्य त्याच्या निर्णयात नसून, लेखनाची मर्यादा त्याने उघडी केली यात आहे. गुरूच्या मुखातून शिकलेल्यासाठी ती लिपी स्मरणापुरती होती; मुख मिटल्यावर ती मुकी झाली. राहता राहिली चित्रे. दोनशेहून अधिक लेण्यांत वादक रंगवलेले आहेत. २२० क्रमांकाच्या लेण्यात ६४२ हे सालही लिहिलेले आहे. पण भिंतीवरचे वाद्य वाजत नाही. आमच्या औरंगाबादच्या सातव्या लेण्यातील नर्तिका आणि तिच्या भोवतालच्या वादिका याच जातीच्या साक्षी आहेत : डोळ्यांना पुरेशा, कानांना अपुऱ्या.

वादक कोण होते, या प्रश्नाला चीनच्या समाजव्यवस्थेत एक भीषण उत्तर आहे आणि संगीताच्या इतिहासग्रंथांनी ते फार काळ तळटीपेत ठेवले. 'युएहू', म्हणजे 'संगीत-कुटुंबे', हा जन्माने ठरणारा हीन वर्ग होता. उत्तर वेई काळात शिक्षा झालेल्यांच्या बायकामुलांची नावे या पटावर चढवली जात. पुढे प्रत्येक वंशाने त्यात भर टाकली. १४०२ नंतर सिंहासन बळकावणाऱ्या युंगलो सम्राटाने आपल्या विरोधकांची कुटुंबे शान्सी भागात या वर्गात ढकलली. या लोकांनी वेगळ्या रंगाचे वस्त्र घालावे, सामान्य घरांशी सोयरीक करू नये, राजपरीक्षेस बसू नये असे निर्बंध होते. आणि तरीही राजदरबाराचा विधी, देवळांचे उत्सव, लग्ने व अंत्यविधी त्यांच्याशिवाय पार पडत नसत! ज्याच्या वादनावाचून मंगल होत नाही, तोच अमंगल. ही व्यवस्था वाचून आमच्या वाचकांना काय आठवेल, ते आम्ही सांगावयास नको. वेशीबाहेरून येऊन गावाच्या लग्नात वाजवणारे आणि पंगत उठेपर्यंत बाहेर थांबणारे आपल्याच आजोबा-पणजोबांच्या पिढीत होते. हा वर्ग वर्ण अथवा अस्पृश्यतेच्या धर्मशास्त्रावर उभा नव्हता, राजाज्ञेवर होता. म्हणूनच १७२३ मध्ये युंगचंग सम्राटाच्या एका आज्ञेने तो कायद्याने रद्दही होऊ शकला. गावाच्या वागणुकीतून तो त्यानंतरही गेला नाही, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्यांग यांग यांच्या आणि छ्याव च्येन व सहकाऱ्यांच्या शान्सीविषयक अभ्यासांतून दिसते. राजाज्ञेने कायदा बदलतो, पंगत बदलत नाही. संगीताचा इतिहास या कुटुंबांच्या बाजूने लिहायला घेतला ते साल २००१ होते, ही गोष्ट त्या इतिहासाविषयी पुरेशी बोलकी आहे.

विसाव्या शतकात या लेखनाची दिशा बदलणारा मनुष्य म्हणून यांग यिनल्यू (१८९९–१९८४) यांचे नाव सर्वमान्य आहे आणि आम्हीही ते आदराने घेतो. वूशी गावात जन्मलेल्या यांगनी बालपणी ताओ पुरोहितांकडून वादन शिकले. पुढे ख्रिस्ती स्तोत्रांच्या १९३६ च्या मोठ्या संग्रहाचे संपादन केले. आणि १९५२-५३ मध्ये ते पेकिंगच्या चिह्वा विहारातील भिक्खूंचे संगीत लिहून घेत होते. तीन धर्मांच्या उंबरठ्यांवर समान जिज्ञासेने बसलेला असा संशोधक दुर्मीळच. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा दोन खंडांचा 'प्राचीन चिनी संगीताचा इतिहास' आजही या विषयाचा पाया आहे. दरबाराबाहेरचे गाणे, कथागायन, नाट्यसंगीत यांना त्यात इतिहासाचे हक्काचे स्थान मिळाले. मात्र त्या ग्रंथाची चौकट राजवंशांचीच राहिली. शिवाय त्या काळच्या मार्क्सवादी परिभाषेनुसार संगीताची विभागणी 'शासकांचे' आणि 'जनतेचे' अशी झाल्याने विहाराचे संगीत कोठे बसवावे, याची अडचण त्यात उरते. विहार दोन्ही नव्हता. तेथे सम्राटाच्या दानावर जगणारे होते, तसेच गरिबाच्या अंत्यविधीला वाजवून पोट भरणारे भिक्खूही होते.

चिह्वा विहार या अडचणीचे उत्तम उदाहरण आहे. वांग चन या सत्ताधीश खोजाने १४४३-४४ मध्ये तो बांधला. त्यानेच राजवाड्यातील संगीत तेथे आणले, असे परंपरा सांगते. तेथे १६९४ साली नकललेली स्वरलिपीची वही टिकून आहे. यांग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नजरेस ती आली तेव्हा तिचे प्राचीनत्व पाहून सारे हर्षित झाले, आणि ते योग्यच होते. पण वहीत असतो तो स्वरांचा सांगाडा. त्यावर मांस चढते ते गुरुशिष्यांनी तोंडाने गाऊन घोटलेल्या अक्षरांनी. कोणत्या दोन स्वरांमध्ये कोणते अक्षर भरायचे, ते वहीत लिहिलेले नाही. वृद्ध भिक्खू गेले की वही ही तुनहुआंगची दुसरी गुंडाळी होणार, हे यांगनी जाणले, म्हणूनच ते वहीवर थांबले नाहीत, गाणाऱ्यांपुढे जाऊन बसले. आमच्या दृष्टीने त्यांचे हे बसणे त्यांच्या ग्रंथाहून मोठे आहे.

आबिंग ऊर्फ हुआ येनच्युन यांची गोष्ट वारंवार सांगितली जाते, पण ती अर्धी सांगितली जाते. वूशीचा हा अंध वादक रस्त्यावर वाजवून जगत असे. १९५० मध्ये यांग आणि त्यांच्या सहकारी विदुषी छाओ आनह यांनी तारेवर ध्वनी उतरवणाऱ्या यंत्रावर त्यांच्या सहा रचना मुद्रित केल्या : तीन अर्हूच्या, तीन फीफाच्या. त्याच वर्षाच्या अखेरीस आबिंग वारले. आयुष्यभराच्या वादनातून सहा रचना! त्यांपैकी एक आज अख्ख्या वाद्यवृंदांकडून वाजवली जाते. परंतु नंतरच्या प्रकाशनांनी आबिंगना 'जनकलावंत' म्हणून उभे करताना, ते ताओ मंदिरात वाढलेले पुरोहित होते आणि त्यांचे वादन त्या विधिसंगीतात घडले, ही बाब मागे सारली. ७५४ साली गीताचे नाव बदलले होते, येथे गाणाऱ्याची ओळख बदलली. हेतू उदात्त असला तरी आम्ही त्याला दोषच म्हणू.

१९६६ ते १९७६ या दशकात वाद्ये फोडली गेली, वह्या जाळल्या गेल्या, भिक्खूंना चीवर उतरवावे लागले. त्यानंतर १९७९ मध्ये हाती घेतलेला लोकसंगीताचा प्रांतवार महासंग्रह २००९ मध्ये पूर्णत्वास गेला. नाट्य, नृत्य, कथा धरून त्या समग्र योजनेचे सुमारे तीनशे खंड झाले. पेकिंगच्या संगीत संशोधन संस्थेतील सुमारे सात हजार तासांच्या ध्वनिमुद्रणांचा युनेस्कोने १९९७ मध्ये 'जगाची स्मृती' या सूचीत समावेश केला. एवढे कार्य जगात दुसऱ्या कोणा देशाने केल्याचे आम्हांस ज्ञात नाही. तरीही इंग्रज संशोधक स्टीफन जोन्स यांनी २००३ मध्ये त्या खंडांवर घेतलेला आक्षेप आम्हांला मान्य आहे : हजारो चाली लिहिल्या, पण ती चाल कोणत्या विधीत, कोणाच्या दारात, कोणत्या मोबदल्यावर आणि कोणत्या भीतीखाली वाजत असे, ते शोधण्यासाठी ओळींमधील कोऱ्या जागाच वाचाव्या लागतात. घंटा आहेत, एकवीस स्त्रिया पुन्हा मुक्या.

हा दोष दाखवताना आमचे हात स्वच्छ नाहीत. १९३०च्या दशकापासून गावोगाव फिरलेल्या आंबेडकरी जलशांतील किती कवने त्यांच्या मूळ चालींसह कोणी उतरून घेतली? वामनदादा कर्डकांचे शब्द छापील रूपात बऱ्याच अंशी मिळतात. परंतु १९५६ नंतर खेड्यातल्या विहारांत बुद्धवंदना ज्या निरनिराळ्या चालींत म्हटली जाऊ लागली, त्या चाली कोणाच्या भजनातून, कोणाच्या पोवाड्यातून आल्या, याची नोंद कोठे आहे? ज्यांनी त्या बसवल्या ते आजी-आजोबा आज नव्वदीत आहेत. आमच्याजवळ यंत्रे आहेत, आणि यांगच्या तारेच्या यंत्रापेक्षा ती खिशात मावण्याइतकी लहान आहेत.

चिह्वा विहारात १९९१ मध्ये हपेई प्रांतातील छ्यूच्यायिंग खेड्यातून काही तरुण आले. ते भिक्खू नव्हते, शेतकऱ्यांची मुले होती. हयात असलेल्या वृद्ध वादक भिक्खूंसमोर बसून त्यांनी आधी वाद्याला हात न लावता त्या जुन्या वहीतील अक्षरे तोंडाने गायला शिकली. परंपरेत त्यांची गणना सत्ताविसावी पिढी म्हणून होते.